भोंग्यावरचे वेणूसर

वेणूसरांची सगळ्यात गाजलेली कॉमेंट्री अठरा सेकंदांची आहे, आणि ती कुणी ऐकवायला लागलं तर सर उठून दुसऱ्या खोलीत जातात. लोकांना वाटतं, मोठेपणा आवडत नाही बिचाऱ्यांना. मोठेपणा त्यांना चांगलाच आवडायचा. तिथंच तर सगळं बिनसलं.

नाव वेणीमाधव गायधनी. घर पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात. वडील रामकुंडावर यात्रेकरूंची धर्मकार्यं करायचे, आणि त्यांचा संकल्प पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनाही शब्दन् शब्द ऐकू जातो असं गल्लीत कौतुकानं सांगत. आवाज मुलाकडे आला, पोथी आली नाही. वेणीमाधवांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, जवळच्याच शाळेत पी.टी.चे सर म्हणून चिकटले आणि १९८५ पासून शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर मुलींना बास्केटबॉल शिकवू लागले. वडिलांनी वर्षभर अबोला धरला. मग पहिली जिल्हा ढाल घरी आली तेव्हा ती देवघराशेजारी ठेवायला त्यांनीच जागा करून दिली.

सरांची शिकवायची एक पद्धत होती. कोर्टवर पाच मुली धावायच्या, पण खेळायचे एकटे सर. बाजूच्या रेषेवर उभं राहून ते संपूर्ण सामना बोलत. "डावीकडे. थांब. दे तिला. आता घूस आत." मुलींनी डोकं चालवायचं नाही, कान उघडे ठेवायचे. एखादीनं स्वतःच्या मनानं पास दिला आणि तो बरोबर पडला, तरी सर तिला बाहेर बसवत. म्हणत, "आज बरोबर पडला, उद्या पडणार नाही." आणि काय सांगावं, पद्धत चालायची. चौदा वर्षांत सहा वेळा जिल्ह्याची ढाल सरांच्या शाळेत आली. यश मिळत असलं की पद्धतीला कोण नावं ठेवतो?

१९९५ साली आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धेत सरांना मोहिनी भोये सापडली. पेठ तालुक्यातली, बारा वर्षांची, वर्गातल्या मुलांपेक्षाही डोकंभर उंच, आणि चेंडू हातात आला की तो आपलाच आहे अशी खात्री असलेली. सर तिच्या पाड्यावर गेले. बाप हिरामण भात आणि नागली पिकवायचा आणि हंगाम संपला की द्राक्षांच्या कामाला पिंपळगाव बसवंतकडे उतरायचा. मुलीला नाशिकला वसतिगृहात ठेवायचं म्हटल्यावर त्यानं आधी मुलीला समोर बसवलं. म्हणाला, "सर सांगतील तसं करायचं. आपल्या मनाचं नाय करायचं." सरांना ते फार आवडलं. असा बाप सगळ्यांना मिळावा, असं घरी येऊन त्यांनी बायकोला, इंदिराबाईंना सांगितलं.

मोहिनीनं बापाचा शब्द पाळला. चार वर्षं ती सरांचा आवाज ऐकत खेळली. पुढं पुढं तर सरांचं वाक्य संपायच्या आत तिचं पाऊल पडलेलं असे.

याच काळात सरांच्या आवाजाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं. १९९७ मध्ये पंचवटीत कबड्डीचे सामने होते आणि ठरलेला निवेदक आयत्या वेळी उगवलाच नाही. संयोजकांनी सरांना धरून माईकसमोर बसवलं. सरांना कबड्डी तशी बेताचीच कळायची, पण खेळाडूच्या खांद्यावरून तो कुठं वळणार हे ओळखायची त्यांना सवय होती. "आता बघा, हा उजव्या कोपऱ्यात जाणार," असं ते भोंग्यावरून म्हणाले आणि तो खरंच उजव्या कोपऱ्यात गेला. लोक खुळावले. स्थानिक केबल चॅनल चालवणारा ललित तिथं कॅमेरा घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं ते चित्रण घरोघरी दाखवलं, आणि तिसऱ्या दिवशी भाजीवालीनं सरांच्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी वर टाकली. "आता बघा म्हणणारे सर ना तुम्ही?" ती म्हणाली. सरांनी घरी येऊन इंदिराबाईंना ते दोनदा सांगितलं.

माणसाला कौतुकाची चटक लागली की ती सुटता सुटत नाही. १९९९ मध्ये सरांनी मुलींचा संघ आपल्या मदतनीस पल्लवी मॅडमच्या हवाली केला. गुडघे दुखतात, असं कारण सांगितलं. गुडघे ठणठणीत होते. सकाळी सहाला कोर्टवर उभं राहिलं की कुणी बघत नाही आणि संध्याकाळी माईकसमोर बसलं की सगळी पंचवटी बघते, हे खरं कारण होतं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलींची राज्य अजिंक्यपद स्पर्धा नाशिकला भरली आणि नाशिकचा संघ अंतिम सामन्यात पोचला. संघ पल्लवी मॅडमचा, बहुतेक मुली सरांच्याच शाळेतल्या, कर्णधार मोहिनी, आणि कॉमेंट्रीला अर्थातच वेणूसर. ललितकडे यंत्रसामग्री एकच. सरांच्या माईकमधून आवाज मैदानावरच्या भोंग्यांवर जायचा आणि तोच केबलवरही. कबड्डीला, खोखोला, सगळीकडे असंच चालायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मोहिनीसाठी तो सामना कसला होता, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. ती अठराची होत आली होती, त्या वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. सामना संपल्यावर निवड समिती राज्याच्या बारा मुली निवडणार होती. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं की खेळाडूंच्या राखीव जागांतून पोलिसात अर्ज करता येणार होता. तिला पोलिसात जायचं होतं. पाड्यावरच्या कुणीही आजवर सरकारी गणवेश घातला नव्हता. हे तिनं सरांनाच पहिल्यांदा सांगितलं होतं, आणि सरांनी "तुझं मी बघतो" असं म्हटलं होतं.

सामना सुरू झाला आणि सरांना मोकळं रान मिळालं. नाशिकच्या मुलींची एकेक चाल त्यांनीच बसवलेली. "आता बघा, मोहिनी दोन बोटं वर करतेय, म्हणजे चेंडू कोपऱ्यात जाणार." गेला. "आता बघा, ती पाठ दाखवेल आणि मागे टाकेल." टाकला. दोन हजार माणसं टाळ्या पिटत होती. पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकानं एकदा मान वर करून भोंग्याकडे पाहिलं, मग आपल्या मुलींना जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. सरांनी ते पाहिलं. पाहिलं आणि बोलत राहिले.

मध्यंतरात पल्लवी मॅडम धावतच टेबलापाशी आल्या. "सर, जरा कमी सांगा ना. त्यांना सगळं कळतंय."

"अहो, खेळताना कुणाच्या कानात शिरतंय?" सर हसून म्हणाले.

तरी दुसऱ्या सत्रात थोडा वेळ त्यांनी जीभ आवरली. नुसते गुण सांगितले, नावं सांगितली. कॉमेंट्री पांचट झाली. ललितनं कॅमेऱ्यामागून तोंड वाकडं करून हात हलवला, की सर, मजा नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "सर, 'आता बघा' होऊन जाऊ द्या." आणि सर पुन्हा सुटले.

शेवटची अठरा सेकंदं राहिली तेव्हा नाशिक एका गुणानं मागं होतं आणि चेंडू मोहिनीकडे होता. मैदान चिडीचूप. अशी शांतता माईकसमोर बसलेल्या माणसाला सोसत नाही. मोहिनीनं एक पाऊल टाकलं आणि सर गरजले, "आता बघा! मोहिनी डावीकडून आत घुसणार. डावीकडून!" मोहिनी क्षणभर थबकली आणि डावीकडे वळली. तिथं दोघीजणी उभ्याच होत्या. चेंडू हातातून गेला, शिट्टी झाली, सामना संपला.

लोक हळहळले, पण सरांवर खूश झाले. "शेवटपर्यंत बरोबर सांगितलंत," असं म्हणत चार-पाच जणांनी हात मिळवले. त्या गर्दीतून सरांना मोहिनी दिसली. घामेजलेली, मान खाली, सरळ टेबलाच्या दिशेनं येत होती. ती आता तोंडावर विचारणार, सर, तुम्ही का सांगितलंत, असं त्यांना वाटलं. ते खाली वाकले आणि माईकची वायर गुंडाळू लागले. ललितला उगाच काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर आल्यावर पुन्हा तेच विचारलं. मोहिनी दोन-तीन मिनिटं टेबलाच्या पलीकडे उभी राहिली आणि निघून गेली. वायर तेव्हा केव्हाच गुंडाळून झाली होती.

दुसऱ्या दिवशी बारा नावं लागली. मोहिनीचं नाव तेरावं, राखीव. राखीव मुलीला प्रमाणपत्र मिळत नाही.

सरांनी त्या दिवशी जेवण टाकलं. इंदिराबाईंना सगळं सांगितलं, अगदी वायरीसकट. त्या म्हणाल्या, "मग जाऊन सांगा तिला, चुकलं म्हणून. त्यात काय मोठंसं?" सर जाणार होते. दोन दिवसांनी जाऊ, परीक्षा झाल्यावर जाऊ, असं करता करता मोहिनीनं वसतिगृह सोडलं.

इकडे ललितनं अंतिम सामन्याची कॅसेट मुंबईला कुणालातरी दाखवली. एका मराठी वाहिनीचा क्रीडा विभाग सुरू होत होता, त्यांना आपल्या मातीतला आवाज हवा होता. ती अठरा सेकंदं ऐकून त्यांनी सरांना बोलावलं. मुलाखतीत तीच कॅसेट मोठ्या पडद्यावर लावली. साहेब म्हणाले, "कमाल आहे, गायधनी. तुम्हाला आधीच कसं कळतं?" सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. "अनुभव," असं म्हणून ते मोकळे झाले.

नोकरी लागली. सर आठवडाभर मुंबईत आणि रविवारी नाशिकला, असं करू लागले. पडद्यावर खाली नाव यायचं, वेणीमाधव गायधनी, क्रीडा समीक्षक. पंचवटीत सत्कार झाला, शाल आली, नारळ आला. सत्काराच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, सरांनी पेठच्या आदिवासी मुलींनासुद्धा खेळात आणलं. सरांनी शालीचं टोक धरून मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

२००३ च्या जानेवारीत पिंपळगावला एका क्रिकेट स्पर्धेच्या उद्घाटनाला सरांना बोलावलं होतं. यजमान द्राक्ष बागायतदार, त्यामुळे आधी त्यांचं पॅकहाऊस बघणं आलं. पांढऱ्या टोप्या घातलेल्या पन्नासेक बाया लांब टेबलांशी उभ्या राहून कात्रीनं घडांतले खराब मणी काढत होत्या. त्यांत एक टोपी बाकीच्यांपेक्षा वीतभर वर होती. सरांनी ते खांदे पाठमोरे ओळखले. चेंडू टाकण्याआधी उजवा खांदा जरासा झुकतो, तसाच तो घड उचलताना झुकत होता.

सर मागे फिरले. खिशातला मोबाइल काढून कानाला लावला आणि कुणाशीच न बोलता "हो, हो, बोला" करत बाहेरच्या टेम्पोमागे जाऊन उभे राहिले. यजमान चहा घेऊन बोलवायला येईपर्यंत ते तिथंच होते. पन्नाशीला टेकलेला माणूस, अंगात ब्लेझर, आणि टेम्पोच्या आड लपलेला. त्यांना स्वतःची किळस आली. तरी आत काही ते गेले नाहीत.

२००८ मध्ये वाहिनीच्या बैठकीत एक तरुण निर्माती म्हणाली, पेठजवळच्या एका आश्रमशाळेच्या मुली विभागीय स्पर्धेपर्यंत पोचल्या आहेत आणि तिथं आता मानधनावर खेळ शिकवणारी मोहिनी भोये म्हणे तुमचीच विद्यार्थिनी. गुरू-शिष्येची भेट कॅमेऱ्यासमोर घेऊ, फार छान होईल. सर म्हणाले, तब्येत बरी नाही. मग त्याच आठवड्यात एकटेच नाशिकहून पेठच्या एसटीत बसले. सावळघाटातल्या वळणांवर तीन वेळा त्यांना वाटलं, पुढच्या थांब्यावर उतरावं आणि परत जावं. या खेपेला ते उतरले नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

शाळेचं कोर्ट उतारावर होतं, एका बाजूचा बोर्ड किंचित कलला होता. सराव सामना चालू होता, तालुक्यातल्या कॉलेजच्या मुलींशी. मोहिनी रेषेबाहेर एका बाकावर बसली होती. सरांना पाहून ती उठली आणि पाया पडायला वाकली. सर दचकून मागे सरले.

"बसा सर," ती म्हणाली. "एकटेच आलात?"

"एकटाच."

बहिरू नावाच्या शिपायानं पाण्याचा तांब्या आणून दिला. सर पाणी प्याले आणि सामना बघू लागले, कारण ज्यासाठी आले होते ते वाक्य तोंडातून निघत नव्हतं. दहा मिनिटांत त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. कॉलेजच्या मुलींचे सर ओरडून ओरडून लाल झाले होते. मोहिनी एक शब्द बोलत नव्हती. तिच्या संघातली एक छोटी मुलगी चेंडू घेऊन अडकली आणि मदतीसाठी बाकाकडे बघायला लागली, तशी मोहिनीनं नजर मुद्दाम जमिनीकडे वळवली.

"तू काहीच सांगत नाहीस त्यांना?" सरांनी विचारलं.

"आठवडाभर सांगते ना, सर. सामना लागला की नाय सांगत."

"का गं?"

"सांगितलं की त्या माझं ऐकतात."

"मग? ऐकायलाच हवं की."

मोहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं. ती सावकाश बोलली, जणू खूप वर्षांपूर्वी पाठ केलेलं.

"त्या दिवशी मी उजवीकडं जानार होते, सर. उजवीकडं मोकळं होतं. त्यांची पाच नंबरवाली मागं राहिली होती, मला दिसलं होतं. पाऊल पन टाकलं मी. तेवढ्यात भोंग्यात तुमचा आवाज आला, डावीकडून. मला वाटलं, सर मला सांगतायत. तुम्ही आम्हाला सोडून दोन वर्षं झाली होती. तरी पायांनी ऐकलं."

सरांच्या हातात तांब्या तसाच राहिला. सात वर्षं त्यांनी एकच गोष्ट उगाळली होती. आपण बडबड केली, ती समोरच्या मुलींनी ऐकली आणि वाट अडवली. तेवढीही लाज त्यांना पुरून उरली होती. ती मनानं उजवीकडे निघाली होती आणि आपण तिला हाताला धरून डावीकडे नेलं, हे त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"सामना झाल्यावर तू टेबलाशी आली होतीस," ते कसेबसे म्हणाले.

"हो. इचारायला आले होते. सर, बरोबर केलं ना मी, म्हनून. तुम्ही वायर गुंडाळत होता."

कोर्टवर शिट्टी झाली. कुणाला तरी फाउल मिळाला होता. सर मान वर करू शकले नाहीत. चेहरा गरम झाला होता, कानशिलं जळत होती, आणि हे सगळं या मुलीला दिसत असणार हे कळत असूनही ते काही लपवू शकत नव्हते. लपायला इथं टेम्पोही नव्हता.

"मी चुकलो, मोहिनी."

"हो सर," मोहिनी म्हणाली.

ती "असू द्या" म्हणाली नाही, "जुनं झालं" म्हणाली नाही. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली, तिनं आणखी काहीतरी म्हणावं म्हणून. मग या वाट बघण्याचीही त्यांना लाज वाटली.

सामना पुढे चालू राहिला. सरांना प्रत्येक चाल आधी दिसत होती. ती छोटी मुलगी चुकीच्या बाजूला धावत होती, एक हाक मारली असती तर वाचलं असतं. त्यांनी दात घट्ट मिटून घेतले. मोहिनीच्या मुली सहा गुणांनी हरल्या आणि धापा टाकत येऊन बाकाभोवती बसल्या. छोटी रडकुंडीला आली होती.

"मॅडम, माझं काय चुकलं?"

"तूच सांग," मोहिनी म्हणाली. "तुला काय दिसलं होतं तिथून?"

मुलीनं नाक पुसलं, विचार केला आणि बोटानं कोर्टवर दाखवत सांगायला सुरुवात केली. बाकीच्या मध्ये मध्ये बोलत होत्या, वाद घालत होत्या, मोहिनी ऐकत होती. वेणूसर बाकाच्या टोकाला अंग चोरून बसले होते. चौदा वर्षं त्यांनी मुलींना शिकवलं होतं आणि त्या चौदा वर्षांत हा प्रश्न त्यांनी एकीलाही विचारला नव्हता.